मिठाचे माप आणि मीजान

कृपाळू व दयावान अल्लाहच्या नावाने.



आज आपण ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती आपल्या स्वयंपाकघरातील सर्वांत स्वस्त वस्तू आहे. ती नसेल तर पुलाव, सालन, वरण, भाकर सारेच अळणी. ती आहे म्हणून कोणी तिचे कौतुक करीत नाही, आणि कमी पडली तर मात्र दस्तरखानावर आवाज चढतात. ती वस्तू म्हणजे मीठ. एखाद्याला वाटेल, श्रद्धा, नमाज, जकात, आखिरत अशा थोर विषयांच्या नियतकालिकात मिठाची चर्चा कशाला? परंतु ज्या दीनने वुजूच्या पाण्याचाही हिशेब शिकविला, त्या दीनच्या अनुयायांना मिठाचा हिशेब परका वाटू नये.

दिव्य कुरआनच्या सूरह अर-रहमानमध्ये (५५:७-९) अल्लाहने आकाश उंच केल्याचा उल्लेख करताच तुलेचा, म्हणजे मीजानचा उल्लेख केला आहे. त्या आयतींचा आशय असा की, तुम्ही तुलेत मर्यादा ओलांडू नका, न्यायाने वजन करा आणि तुलेत घटही करू नका. येथे थोडे थांबून विचार करा. मनाई दोन्ही बाजूंनी आहे. अतिरेकाचीही मनाई आणि घटीचीही मनाई. सूरह अल-हिज्रमध्ये (१५:१९) पृथ्वीवर प्रत्येक वस्तू मोजूनमापून उगविल्याचे सांगितले आहे, आणि सूरह अल-आराफमध्ये (७:३१) खाण्यापिण्याची मोकळीक देऊन लगेच अतिरेकाला प्रतिबंध केला आहे. खाण्याची परवानगी आणि मर्यादेची आज्ञा एकाच आयतीत शेजारी शेजारी आहेत. आपण पहिली लक्षात ठेवतो आणि दुसरी विसरतो.

आपल्या जंगलपट्टीची साक्ष

चंद्रपूर आणि गडचिरोली हे १९८२ च्या ऑगस्टपर्यंत एकच जिल्हा होते. वैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे आपली घरे आहेत. कोणी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, कोणी कोळसा खाणीत, कोणी आठवडी बाजारात, कोणी सिरोंचाकडे तेलुगू मुलखाच्या सीमेवर दुकान मांडून बसलेला. या भागाने मिठाचे दोन्ही काळ पाहिले आहेत. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात मीठ एके काळी इतके मोलाचे होते की मूठभर मिठासाठी आदिवासी बांधव चारोळी, डिंक, मोहफूल देऊन टाकीत. त्या व्यवहारात ज्या व्यापाऱ्यांनी अज्ञानाचा फायदा घेऊन माप मारले, त्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनच्या (८३:१-३) आरंभीच कठोर इशारा दिलेला आहे: घेताना पूर्ण माप घेणारे आणि देताना कमी देणारे विनाशाच्या वाटेवर आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या सहा वस्तूंच्या अदलाबदलीत व्याजाचा धोका सांगितला, त्यांत सोने, चांदी, गहू, जव आणि खजूर यांच्या जोडीला मीठही आहे (सहीह मुस्लिम, ह. उबादा बिन सामित (रजि.) यांचे कथन). मीठ ही शरीअतच्या दृष्टीने मोजून घेण्याची आणि मोजून देण्याची वस्तू आहे.

आता काळ उलटला. मीठ मुबलक झाले, स्वस्त झाले आणि आपला हात सैल झाला. पूर्वी बाजारातील तुला बिघडत होती, आज ताटातील तुला बिघडली आहे.

याचा परिणाम काय? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेली ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून गावोगावी आरोग्याचे काम करीत आहे. धानोरा मार्गावरील शोधग्राम येथून हे काम चालते. या संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंची दोन वर्षे नोंद ठेवली आणि प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून जे समोर आले त्याने अनेकांना धक्का बसला. जंगलातल्या खेड्यात माणूस मलेरियाने मरतो, साप चावून मरतो, असा आपला समज. पण मृत्यूचे पहिले कारण निघाले लकवा, म्हणजे पक्षाघात. दर सात मृत्यूंपैकी एक मृत्यू लकव्याचा होता, आणि यांतील बहुतेक माणसे रुग्णालयात नव्हे, घरातच गेली.

लकव्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. रक्तदाब वाढविणाऱ्या गोष्टींत तंबाखू, खर्रा, दारू, लठ्ठपणा, आळस आहेतच, पण ज्या घरात यांपैकी काहीच नाही, ज्या घरात पाच वेळा नमाज होते, त्या घरातही एक कारण रोज तीन वेळा ताटात येते. ते म्हणजे जास्तीचे मीठ. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांवर ताण येतो आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने त्या कडक होतात. हे सारे मुकाट्याने घडते. बीपी वाढल्याचे बहुधा माणसाला कळतच नाही. एके दिवशी फज्रला उठताना हात उचलत नाही, तोंड वाकडे होते, कलिमा उच्चारू पाहणारी जीभ अडखळते. तेव्हा कळते, पण उशीर झालेला असतो.

माप कसे घ्यावे

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही दिवसभराच्या सर्व पदार्थांतला मिळून. जगात सरासरी माणूस याच्या दुपटीहून अधिक, जवळपास ११ ग्रॅम मीठ खातो.

शास्त्रज्ञ हे मोजतात तरी कसे? केवळ विचारून नव्हे. कारण किती मीठ खाता, असे विचारले तर प्रत्येक जण प्रामाणिकपणे सांगतो, आमच्याकडे कमीच असते. म्हणून ते चोवीस तासांची लघवी गोळा करतात. खाल्लेल्या सोडियमपैकी सुमारे नव्वद टक्के त्या वाटेने बाहेर पडते. १९८८ साली ३२ देशांतील ५२ ठिकाणी दहा हजारांहून अधिक माणसांचे मीठ याच रीतीने मोजले गेले. त्यांत ब्राझीलच्या जंगलातील यानोमामी लोकही होते. ते जवळजवळ मीठच खात नाहीत, आणि वय वाढले तरी त्यांचा रक्तदाब वाढत नाही. म्हातारपणी बीपी यायचेच, असे आपण म्हणतो. पण ती म्हातारपणाची अटळ देणगी नाही, हे जंगलात राहणाऱ्या त्या माणसांच्या शरीरांनी सांगितले.

पहा, जीभ विसरली, स्मरण चुकले, तरी शरीराने कणाकणाची नोंद ठेवली. सूरह अज-जिलजालमध्ये (९९:७-८) कणभर चांगले आणि कणभर वाईटही त्या दिवशी समोर येईल असे सांगितले आहे. ज्याने शरीराला या जगात इतका चोख हिशेब ठेवायला शिकविले, त्याच्या दरबारातील हिशेब किती चोख असेल!

तुम्हा-आम्हाला प्रयोगशाळेची गरज नाही. एक सोपी रीत आहे. मिठाचे एक किलोचे नवे पाकीट फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा. पाकीट संपेल त्या दिवसाची तारीख पुन्हा लिहा. एक हजार ग्रॅमला आधी दिवसांनी आणि मग घरातल्या माणसांनी भागा. समजा घरात पाच माणसे आहेत आणि पाकीट वीस दिवसांत संपले, तर रोजचे ५० ग्रॅम झाले आणि माणशी १० ग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. पाच प्रौढांच्या घरात ते पाकीट निदान चाळीस दिवस चालायला हवे. शिवाय विकतचे लोणचे, पापड, फरसाण, चिप्स, बेकरीची बिस्किटे आणि खारवलेली सुकी मासळी यांतील मीठ या हिशेबात आलेलेच नाही. ते वेगळे.

येथे प्रेषित (स.) यांचे एक वचन आठवते. ह. मिकदाम बिन मअदीकरिब (रजि.) यांच्या कथनानुसार आदरणीय प्रेषितांनी (स.) आपले अन्नधान्य मोजून घेण्यास सांगितले आणि त्यात बरकत होईल असे फरमाविले (सहीह बुखारी). कोणी जाणकार म्हणेल की ह. आयेशा (रजि.) यांच्याकडे थोडे जव होते, ते त्या बरेच दिवस खात राहिल्या आणि मोजल्यावर मात्र ते संपले, असेही कथन आहे. विद्वानांनी दोहोंचा मेळ घातला आहे. व्यवहारात आणि घरात आणताना मोजणे ही बरकतीची गोष्ट, तर अल्लाहच्या देण्याविषयी शंका बाळगून मोजत बसणे वेगळे. ही हदीस मुळात धान्याच्या मापाची आहे, ती मिठाच्या चमच्याला लावणे हा आपला बोध आहे, हे मान्य. पण आपण मोजतो ते कंजुषीने नव्हे, अमानतीच्या रक्षणासाठी. आणि योग असा की, पोटाचा एक तृतीयांश अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही शिकवणही याच ह. मिकदाम (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत पोहोचली आहे (तिर्मिजी). ह. अनस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत (बुखारी, मुस्लिम). ज्यांनी इबादतीचे पाणी मापात वापरले, त्यांची उम्मत मीठ मुठीने टाकते, हे शोभते का?

नावडतीचे मीठ अळणी

आता मुद्द्याच्या अवघड भागाकडे येऊ. मीठ घरात कोण टाकते? आई, बहीण, पत्नी, सून. आणि किती टाकायचे हे कोण ठरविते? बहुतेक घरांत पुरुषाची जीभ.

आपल्या मराठीत म्हण आहे, नावडतीचे मीठ अळणी. या तीन शब्दांत किती स्त्रियांची व्यथा दडली आहे! हनफी फिक्हच्या ग्रंथांत एक मसला येतो, तो आपल्या घरातील बहुतेक स्त्रियांना ठाऊक असतो. रोजाच्या स्थितीत विनाकारण काही चाखणे मक्रूह आहे, पण जिचा नवरा तापट असेल तिला सालनातले मीठ जिभेच्या टोकावर चाखून थुंकण्याची मोकळीक आहे. स्त्रियांना ही सवलत पाठ असते. पुरुषांनी मात्र त्यातली लाज कधी ओळखली नाही. फकीहांनी स्त्रीला सवलत दिली, नवऱ्याच्या संतापाला प्रशस्तिपत्र दिले नाही. ती सवलत ज्याच्यामुळे द्यावी लागली, तो आपण तर नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

ह. अबू हुरैरा (रजि.) यांची साक्ष आहे की प्रेषितांनी (स.) कधीही कोणत्या अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही आवडले तर सोडून दिले (बुखारी, मुस्लिम). एकदा त्यांनी घरी तोंडी लावायला काही मागितले. सिरक्यावाचून घरात काहीच नव्हते. त्यांनी तोच मागविला, खाल्ला आणि त्याची प्रशंसा केली (सहीह मुस्लिम, ह. जाबिर (रजि.)). आणि आपण? वरणात मीठ कमी म्हणून ताट सरकविणारे आपणच, आणि सुन्नतच्या गोष्टी करणारेही आपणच.

भावांनो, एक घर डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरांनी बापाला मीठ कमी करायला सांगितले आहे. आई हात आखडता घेते. बाप पहिला घास घेतो आणि म्हणतो, आज काय रुग्णालयाचे जेवण आहे का? मुले हसतात. आई उठते, मिठाची डबी आणून ताटाजवळ ठेवते. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच पहिल्यासारखे मीठ टाकते, कारण तिला घरात शांतता हवी आहे. पुढे कधी त्या बापाला लकवा झाला, तर वर्षानुवर्षे त्याला उचलणारे, बसविणारे, घास भरविणारे हातही तिचेच असणार. आपल्या कुटुंबाशी जो उत्तम तोच तुमच्यातला उत्तम, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे (तिर्मिजी). त्या उत्तमपणाची परीक्षा मशिदीत होत नाही, पहिल्या घासाला होते.

भगिनींनो, तुमच्याही हातात बरेच आहे. भाताच्या पाण्यात मीठ, कणकेत मीठ, वरणात मीठ, सालनात मीठ आणि वर लोणचे, असे थर साचतात. भात आणि कणीक बिनमिठाची करा, कारण सोबत सालन असतेच. मीठ मुठीने किंवा चिमटीने नव्हे, एकाच ठरलेल्या चमच्याने घ्या. दस्तरखानावरची मिठाची डबी उचलून ठेवा. एकदम निम्मे करू नका. दर आठवड्याला थोडे थोडे कमी करा. काही आठवड्यांत जिभेला सवय होते, आणि मग पूर्वीचेच सालन खारट लागू लागते. लिंबू, चिंच, कोथिंबीर, लसूण, जिरे यांनी चव राखता येते. तान्ह्या बाळाच्या वरच्या अन्नात पहिले वर्षभर मीठ घालूच नका. जी जीभ मीठ शिकली नाही ती मागतही नाही.

काही शंका

काही घरांत जेवणाची सुरुवात मीठ चाटून करण्याची रीत आहे आणि त्यासाठी एक कथन सांगितले जाते की त्यात सत्तर रोगांवर उपाय आहे. हदीसची पारख करणाऱ्या विद्वानांनी, त्यांत इमाम इब्नुल जौजी (रह.) यांनी, हे कथन बनावट ठरविले आहे. जे प्रेषितांनी (स.) सांगितले नाही ते त्यांच्या नावावर खपविणे हे मोठे पाप. जेवणाची सुरुवात बिस्मिल्लाहने होते.

कोणी म्हणतो, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात घाम किती जातो, मीठ नको का? उन्हात सतत राबणाऱ्याला पाणी आणि काही मीठ लागते, हे खरे. पण आपल्या नेहमीच्या जेवणात ते आधीच गरजेहून जास्त असते, आणि शरीर उन्हाला सरावले की घामातून मीठही कमी सोडते. ज्याला चक्कर येते, पेटके येतात, त्याने डॉक्टरांना विचारावे. हगवणीने सुकलेल्या मुलाला तर मीठ हवेच, पण मापात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हेच मीठ या मापाने मुलाला वाचविते आणि माप चुकून जास्त पडले तर त्याचाच घात करते. मीजानचा याहून स्पष्ट धडा कोणता?

कोणी म्हणतो, आम्ही सैंधव खातो, काळे मीठ खातो. तेही मुख्यतः तेच मीठ आहे, त्याचे मापही तेच. आयोडीनयुक्त मीठ मात्र सोडू नका, गलगंडापासून ते वाचविते. तेच वापरा, पण कमी वापरा. चीनमध्ये सहाशे गावांत सुमारे एकवीस हजार लोकांवर एक प्रयोग झाला. तेथे नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम मिसळलेले मीठ दिले आणि लकव्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. असे मीठ आपल्याकडेही मिळते. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि काही औषधे घेणाऱ्यांना पोटॅशियम धोक्याचे ठरू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून ते घेऊ नये.

आणि कोणी म्हणतो, मृत्यू तर ठरलेल्या वेळीच येणार. निःसंशय. पण उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण देणाऱ्या प्रेषितांनी (स.) उपचार करण्याचीही आज्ञा दिली (अबू दाऊद, तिर्मिजी). आणि तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, असे त्यांनी ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना इबादतीच्या संदर्भात सांगितले (सहीह बुखारी). इबादतीच्या अतिरेकानेही जो हक्क मारता येत नाही, तो चवीसाठी कसा मारता येईल? तेव्हा तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते विनामूल्य होते. गोळी सुरू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आणि अचानक कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर झाडफूक आणि तावीज यांत वेळ दवडू नका. दुआ करीत करीत त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाकडे निघा. पहिले चार-साडेचार तास मोलाचे असतात.

खाल्ल्या मिठाला जागावे

मराठी माणूस म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागावे. आपण मालकाच्या मिठाला जागतो, मित्राच्या मिठाला जागतो. पण मीठ मुळात कोणाचे? सूरह अल-वाकिआमध्ये (५६:६८-७०) अल्लाह आपल्याला पिण्याच्या पाण्याकडे पाहायला सांगतो. त्याने इच्छिले असते तर ते खारट केले असते, मग आपण कृतज्ञ का होत नाही, असा त्याचा आशय आहे. त्याने समुद्रात खारेपण ठेवले, वैनगंगेत गोडवा ठेवला आणि दोहोंचे माप राखले. आपल्या रक्तातही त्याने मिठाचे माप राखले आहे. ते शरीर आपली मालमत्ता नव्हे, ती अमानत आहे. त्या मिठाला जागणे म्हणजे ते मापात खाणे आणि त्यातून मिळालेली ताकद त्याच्या आज्ञेत लावणे.

वाचकहो, रमजानच्या इफ्तारीत भजी आणि चाट यांचे ढीग लावताना, वलीम्याच्या देगीत ओंजळीने मीठ पडताना, पाहुण्याला पुन्हा लोणचे वाढताना हे आठवा. आणि आज एवढेच करा. हा अंक मिटल्यावर स्वयंपाकघरात जा आणि मिठाच्या पाकिटावर आजची तारीख लिहा. मशिदीतल्या चार घरांनीही लिहायला घेतले, तर पुढच्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर हिशेब जुळविता येईल. आणि आज रात्री सालन थोडे अळणी लागले, तर अल्हम्दुलिल्लाह म्हणा आणि ज्या हातांनी ते शिजविले त्या हातांना दुआ द्या.

हे अल्लाह, आमच्या ताटात, आमच्या तुलेत आणि आमच्या जिभेत मर्यादा दे. आमच्या वडीलधाऱ्यांना लुळेपणापासून वाचव, अखेरच्या सजद्यापर्यंत आमचे हातपाय आमच्या ताब्यात ठेव, आणि ज्या दिवशी तुझी मीजान उभी राहील त्या दिवशी आम्हाला अमानत राखणाऱ्यांत गण. आमीन.